कडी कोणत्या बाजूनं

चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातलं गाव. नांदेडहून पूर्णा जंक्शनकडे निघालेली गाडी लिंबगाव मागे टाकते आणि चुडाव्याचं स्टेशन येतं. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, हळद, आणि कालव्याचं पाणी पोचतं तिथं ऊस. इथं निर्वासितांची छावणी नाही. तंबूंच्या रांगा, काटेरी तारा, परदेशी संस्थांच्या पांढऱ्या गाड्या हे सगळं आपण टीव्हीवर बघितलेलं. चुडाव्याच्या शिवारात त्यातलं काही दिसत नाही. तरीही घरदार सुटलेल्या बाया आणि मुली यांच्यावर होणारी हिंसा, आणि त्यांना आधार कसा द्यायचा, या विषयाची ओळख करून देताना मी इथूनच सुरुवात करतो आहे. सीरियातल्या किंवा सुदानमधल्या बाईची कीव करायला आपल्याला काही खर्च येत नाही. तिच्या वाट्याला जे येतं तेच दोन शेतं ओलांडून पडलेल्या ऊसतोड मजुराच्या कोपीतल्या बाईच्याही वाट्याला येऊ शकतं, हे मान्य केलं की मात्र काही ना काही करावं लागतं.

कायद्याचा भाग आधी उरकून घेऊ. निर्वासित कोण, हे १९५१ साली जिनिव्हात झालेल्या करारानं ठरवलं. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटातलं असणं किंवा राजकीय मत या पाच कारणांनी छळ होण्याची ज्याला रास्त भीती आहे आणि त्यामुळे जो आपल्या देशाबाहेर आहे, तो निर्वासित. बाई असणं हे सहावं कारण त्यात कुणी घातलं नाही. बलात्काराच्या भीतीनं किंवा जबरीच्या लग्नातून पळालेल्या बाईला या व्याख्येत बसवायचं तर ‘सामाजिक गट’ ताणून घ्यावा लागतो, आणि तो ताणायला जगाला चार दशकं लागली. भारतानं या करारावर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. देशातल्या देशात उठून जावं लागलेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं मांडली, ती पाळायचं बंधन कुणावर नाही. बाईच्या बाजूनं पाहिलं तर सरहद्द ओलांडली की नाही, यानं फारसा फरक पडत नाही. शेजार तुटला, रात्री हाक मारली तर धावून येईल असं माणूस उरलं नाही, आपल्या नावाचा कागद दुसऱ्याच्या खिशात गेला, की ती उघड्यावर आली.

मराठवाड्यात हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. जुन्या बाया वय सांगताना साल सांगत नसत. ‘रझाकारीत मी मांडीवर होते’, ‘पोलीस ॲक्शनच्या साली माझं लगीन लागलं’ असं सांगत. १९४७ च्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोलीही तेव्हा परभणीतच. तिचा जिल्हा वेगळा झाला १९९९ मध्ये. उत्तरेला पैनगंगा ही सरहद्द आणि पलीकडे वऱ्हाड. निजामाची सत्ता टिकवू पाहणारे कासिम रझवीचे सशस्त्र रझाकार गावांवर येऊ लागले तशी माणसं गठुडी बांधून नदीपार निघाली, कुणी उमरखेडला, कुणी वाशीमला. पश्चिमेकडची माणसं मनमाड, नगर, बार्शी, सोलापूरच्या वाटेला लागली. सरहद्दीपलीकडे तेव्हा उभे राहिलेले कॅम्प आपल्या इतिहासात येतात ते हत्यारं, धाडी आणि जिवावर उदार झालेल्या तरुणांच्या हकिकतींतून. त्यात खोटं काही नाही. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी संस्थान भारतात विलीन करायचा लढा तिथूनच चालवला. पण नदीपार गेलेल्यांत बाया होत्या, लेकरं होती, वयात आलेल्या पोरी होत्या. त्या कुणाच्या ओसरीवर निजल्या, न्हाणं-धुणं कुठं केलं, परक्या गावात त्यांच्याकडे कोण कोणत्या नजरेनं पाहत होतं, यावर आपल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत मोजकीच वाक्यं सापडतात. ज्यांना हे माहीत होतं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या पुरुषांसमोर बोलल्या नसत्या.

मग १९४८ चा सप्टेंबर आला. १३ तारखेला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, हीच ती पोलीस ॲक्शन; १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. त्या तारखेला मराठवाड्यातल्या शाळाशाळांत झेंडावंदन होतं, आणि व्हायलाच हवं. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं, हे मात्र त्या दिवशीच्या भाषणांत येत नाही. रझाकारांवरचा राग गावोगावच्या साध्या मुसलमान घरांवर निघाला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना चौकशीसाठी पाठवलं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते संस्थानात फिरले, गावकऱ्यांशी बोलले. मेलेल्यांचा त्यांचा अंदाज होता २७,००० ते ४०,०००. सगळ्यात जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्याबरोबर नांदेडचं नाव आहे, आणि नांदेड म्हणजे चुडाव्याच्या माणसाला बाजाराचं आणि दवाखान्याचं गाव. अहवालात खुनांइतक्याच स्पष्टपणे बायकांवरचे बलात्कार आणि त्यांना पळवून नेणं यांची नोंद आहे. तो अहवाल कित्येक दशकं सरकारी दप्तरात बंद राहिला. आता दिल्लीला तीन मूर्तीच्या ग्रंथालयात वाचायला मिळतो.

हे वाचताना काही जण लगेच तागडी काढतील हे मला ठाऊक आहे. आधी कुणी केलं, त्यांनी किती, आपण किती. रझाकारांनी बायकांवर केलेले अत्याचार खरे होते आणि नंतर झालेले अत्याचारही खरे होते. दोन्ही वेळी बाईला कुणी तिच्या नावानं ओळखलं नाही. ती ‘त्यांची’ होती, आणि त्यांच्या पुरुषांना धडा शिकवायचा तर सोपी वाट तिच्या अंगावरून जात होती.

त्याच अहवालातली दुसरी एक नोंद मला जास्त कामाची वाटते. सुंदरलाल आणि गफ्फार लिहितात की अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, काहींनी त्यापायी जीव गमावला. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या आड उभे राहिल्याचा त्यात खास उल्लेख आहे. पळवलेल्या बायका शोधून परत आणायच्या कामातही अनेक हिंदूंनी मदत केली. मागाशेजारी माग चालवणाऱ्याला पलीकडच्या घरात लेकी किती आणि सुना किती हे ठाऊक असतं, त्यांच्यातली एक दिसेनाशी झाली तर त्याला ते त्याच दिवशी कळतं. संरक्षणाची सुरुवात या मोजदादीतून होते. विस्थापित बाईचं पहिलं नुकसान हेच, की ती दिसेनाशी झाली तर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आता सरकारनं बायकांना वाचवायचा सगळ्यात मोठा प्रयत्न केला तो पाहू, कारण त्यातून शिकायचं पुष्कळ आहे. फाळणीत दोन्हीकडे पळवल्या गेलेल्या बायका परत आणायचा करार भारत आणि पाकिस्तान यांच्यात ६ डिसेंबर १९४७ ला झाला. पुढं १९४९ मध्ये भारतानं त्यासाठी कायदा केला. मृदुला साराभाई, कमलाबेन पटेल, अनीस किदवई, रामेश्वरी नेहरू अशा बायकांनी हे काम अंगावर घेतलं. दंगलीच्या धगीत खेड्याखेड्यांत जाऊन, पोलिसांशी भांडून, दोन्ही देशांत मिळून सुमारे ३०,००० बायका आणि मुलं त्यांनी शोधून काढली. असं काम जगात क्वचित झालं असेल. पण त्या कायद्यातली व्याख्या नीट वाचा. १ मार्च १९४७ नंतर कुटुंबापासून तुटलेली आणि दुसऱ्या धर्माच्या माणसाकडे आढळलेली स्त्री, तिचं वय काहीही असो, ‘अपहृत’ ठरायची. मुलगा असेल तर मात्र १६ वर्षांच्या आतलाच. म्हणजे सतरा वर्षांचा पोरगा कुठं राहायचं हे स्वतः ठरवू शकत होता आणि पन्नाशीची बाई ठरवू शकत नव्हती. तुला जायचं आहे का, हा प्रश्न त्या कायद्यात कुठंही नव्हता. अनेकींना तो प्रश्न विचारायची गरजच नव्हती, त्या सुटकेची वाट पाहत होत्या. पण काहींना तोवर मुलं झाली होती, काहींना मागं कुणी उरलं नव्हतं, काही हात जोडून सांगत होत्या की आम्हाला दुसऱ्यांदा उपटू नका. त्यांनाही उचलून नेलं. रामेश्वरी नेहरूंनी या सक्तीला विरोध केला आणि त्या या कामातून बाहेर पडल्या. इकडे परत आणलेल्या काहींना घरच्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्यांना घ्या, त्यांचा काही दोष नाही, असं गांधींना आणि नेहरूंना जाहीरपणे सांगावं लागलं.

बाईचं रक्षण करायच्या दोन तऱ्हा असतात, आणि त्यांतला फरक ओळखायला मी एक साधी खूण धरून ठेवली आहे: कडी कोणत्या बाजूनं लागते. आतून लागत असेल, तिची ती लावू आणि काढू शकत असेल, तर ते संरक्षण. बाहेरून लागत असेल तर ती कोठडी, मग लावणारा बाप असो, नवरा असो, की सरकार असो. पळवून नेणारा बाहेरून कडी लावतो आणि सोडवून आणणाराही कित्येकदा बाहेरूनच लावतो. घराण्याची अब्रू राखायची म्हणून पोरीचं सोळाव्या वर्षी लग्न उरकणारा बाप याच दुसऱ्या तऱ्हेतला. त्याचा हेतू वाईट नसतो, आणि तिथंच सगळी अडचण आहे.

आतून लागणाऱ्या कडीचंही एक उदाहरण महाराष्ट्रात आहे, तेही जुनं. १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. स्टालिनच्या राजवटीनं सायबेरियाकडे हाकलून दिलेली ही माणसं इराणमार्गे भारतात आली होती, जवळपास पाच हजार. त्यांत बहुतेक बाया, मुलं आणि म्हातारी माणसं. लढण्याजोगे पुरुष लढाईवर गेले होते, कित्येक वाटेत मेले होते. त्यांच्यासाठी लांबलचक बराकी बांधल्या, पण बराकीचे भाग पाडून प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या दिल्या, पुढं ओसरी आणि ज्याची त्याची चूल. शाळा, चर्च, दवाखाना होता, नाटकं होत. रोजचा कारभार बराचसा पोलिश मंडळींच्याच हातात होता. त्या छावणीत वाढलेली मुलं पुढं म्हातारपणी वळिवडं बघायला परत येत राहिली. छळ सोसलेल्या जागी कुणी हौसेनं परत जात नाही. अर्थात यामागं पोलंडच्या परागंदा सरकारचा पैसा होता आणि गोऱ्या कातडीला ब्रिटिश अंमलात मिळणारा मानही होता, हे सांगितलंच पाहिजे. १९४८ पर्यंत ते गेले आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर. घाऊक कापडाच्या बाजारासाठी सगळं कोल्हापूर आणि कोकण तिथं येतं.

कल्याणच्या छावणीची गोष्ट वेगळी. लढाईच्या काळातल्या लष्करी बराकींत लाखभर सिंधी माणसं कोंबली गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिचं नाव उल्हासनगर ठेवलं, पण लोकांच्या तोंडी ते अजूनही ‘कॅम्प नंबर एक’, ‘कॅम्प नंबर पाच’ असंच आहे. एकेका बराकीत अनेक कुटुंबं आणि मधे भिंत म्हणून टांगलेलं गोणपाट किंवा चादर. नळ सामाईक, संडास सामाईक आणि लांब. कराचीत आणि हैदराबाद-सिंधमध्ये बंद वाड्यांत वाढलेल्या मुली इथं पहाटे रांगेत उभ्या राहू लागल्या. काहींनी यातूनच घराबाहेर पडून शिक्षण घेतलं, नोकऱ्या धरल्या; विस्थापनानं बाईला दिलेली ही एक उलटी देणगी. पण गोणपाटापलीकडून काय काय ऐकू येई आणि तिथून कोण डोकावे, हे त्या पिढीच्या बायका आपसांतच बोलत.

जगभरच्या छावण्यांत काम करणाऱ्यांनी नंतर जे शिकून ठेवलं ते या गोणपाटाशी आणि त्या रांगेशीच संबंधित आहे. केनियातल्या दादाब छावणीत सोमालियाच्या बायकांवर हल्ले होत ते बहुधा सरपण आणायला रानात गेल्यावर. म्हणून लाकडं वाटायची योजना निघाली. ती चालू असताना सरपणाच्या वाटेवरचे बलात्कार घटले, पण दुसऱ्या ठिकाणचे वाढले. लाकूड दिल्यानं हल्लेखोर नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. बांगलादेशात कॉक्स बाजारला रोहिंग्यांच्या छावण्यांत २०१८ नंतर गॅस पोचला, त्यानं रानाची वाट चुकली आणि डोंगरांवरची झाडंही वाचली. शहाणपण म्हणून सांगायला हे फार मामुली वाटतं. संडास किती पावलांवर, तिथं दिवा आहे का, दाराला कडी आहे का, शिधा कुणाच्या हातात पडतो, तक्रार ऐकणारा आणि शिधा वाटणारा एकच माणूस आहे का. मुलींना कराटे शिकवण्याची शिबिरं मी पुष्कळ पाहिली. फोटो चांगले येतात. त्या पोरी घरी जाऊन पुन्हा बिनदाराच्या न्हाणीत अंघोळ करणार असतील तर आधी दार बसवावं, असं माझं मत आहे.

आता कोपीकडे येऊ. दिवाळीच्या आगेमागे उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. परभणी जिल्हा या व्यवहारात दोन्ही बाजूंना आहे. बीडला लागून असलेल्या तालुक्यांतून, गंगाखेड-सोनपेठकडून, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. आणि कालव्याखालच्या पट्ट्यात, जिथं ऊस आहे, तिथं बाहेरच्या टोळ्या येऊन उतरतात. कायद्यानं ही माणसं निर्वासित नाहीत. ती स्वखुशीनं आली आहेत असं म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ती पावसाळ्यातच खर्चून टाकलेल्या माणसाच्या खुशीचा अर्थ काय लावायचा, ते वाचकानं ठरवावं.

कोपी म्हणजे बांबू वाकवून केलेला सांगाडा, वर पाचट किंवा ताडपत्री. वाकूनच आत शिरायचं. दाराच्या जागी गोणपाट, नाहीतर जुनं लुगडं. न्हाणी म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेली साडी. वरून उघडी आणि रस्त्याच्या कडेला असेल तर ट्रकवाल्याच्या नजरेच्या उंचीवर. संडास नाही. बाई पहाटे तीन-साडेतीनला उठते, अंधारातच बाहेर जाऊन येते, भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात असते. नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. ट्रॅक्टर रात्री अकराला आला तर रात्री अकराला भरायचा. या सगळ्या वेळात कोपीवर असते बारा-तेरा वर्षांची पोरगी, काखेत तान्हं भावंड घेऊन. आई दोन-अडीच किलोमीटरवर फडात. कोपीवर दिवसभरात कोण येऊन गेलं, पाणी मागायच्या निमित्तानं कोण थांबलं, याला साक्षीदार नसतो.

टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल जोडप्याची, पण घेतो आणि हिशेब करतो पुरुष. बाईच्या नावावर एक रुपयाही लागत नाही, त्यामुळे तिच्या कामाचा पुरावाही राहत नाही. अशा बाईवर टोळी बांधणाऱ्या मुकादमानं किंवा ट्रॅक्टरवाल्यानं हात टाकला तर तिनं कुणाला सांगायचं? नवऱ्याला सांगितलं तर तो तिलाच मारील, नाहीतर मुकादमाच्या अंगावर धावून जाईल; दोन्हींत नुकसान तिचं. तक्रार म्हणजे काम सुटणं, काम सुटणं म्हणजे उचल फेडणं, आणि ती फेडायची कशानं? म्हणून गप्प. २०१३ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात कामाच्या जागच्या लैंगिक छळासाठी स्थानिक समिती नेमायची आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच मालक असेल तर या समितीकडेच जायचं, आणि असंघटित कामातल्या बायाही त्यात येतात. म्हणजे मुकादमाचं प्रकरण नेमकं तिथं बसतं. पण समितीचं कार्यालय परभणीला आणि तक्रारीची मुदत तीन महिन्यांची. तेवढ्यात टोळी दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत गेलेली असते.

गर्भपिशव्यांचं प्रकरण वाचकांना आठवत असेल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पिशवी काढायची शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणात झाल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की पैसे कापले जातात, अंगावरून जाण्याचा त्रास, घाणीमुळे होणारे आजार, दवाखान्यात घातलेली कॅन्सरची भीती अशी त्याची कारणं तेव्हा चर्चेत आली. हिंसा म्हणजे दरवेळी कुणी मारलेलं असतंच असं नाही. चांगल्या धडधाकट बाईला वयाच्या तिशीत स्वतःहून ऑपरेशन करून घ्यावंसं वाटतं अशी परिस्थिती उभी करणं, यालाही मी हिंसाच म्हणतो.

आणि मुली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, २० ते २४ वयाच्या स्त्रियांना लग्न कितव्या वर्षी झालं हे विचारलं गेलं. महाराष्ट्रात अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या २१.९ टक्के. परभणी जिल्ह्यात ४८ टक्के, राज्यात सगळ्यात जास्त. बीडसुद्धा आपल्या मागे. याचा दोष एकट्या ऊसतोडीला देता येत नाही. हुंडा, कोरडवाहू शेती, गावात दहावीपुढं शाळा नसणं, एसटीची गैरसोय, सगळं त्यात आहे. पण आईबाप सहा महिने बाहेर जाणार असतील तर चौदा वर्षांच्या पोरीचं काय करायचं, हा प्रश्न घरोघरी दरवर्षी उभा राहतो. बरोबर न्यावी तर कोपीवर एकटी. मागं ठेवावी तर म्हाताऱ्या आजीजवळ, आणि गावातही सगळी माणसं चांगली असतात असं नाही. मग बाप तिसरा मार्ग काढतो. कुणाच्या तरी हवाली करून टाकावी, म्हणजे आपली जबाबदारी संपली. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि उचलही मिळते.

इथं मला सरकारी योजनांमधलं एक भगदाड दाखवायचं आहे. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी आहे. सहा ते चौदा शिक्षणहक्क कायदा आहे, आणि त्याच्या आधारानं गावात हंगामी वसतिगृहं चालवता येतात: मूल नातेवाइकांकडे गावातच राहतं, दोन वेळचं जेवण शाळेत. जिथं ती नीट चालतात तिथं मुली बरोबर नेणं कमी होतं, हे शिक्षक सांगतात. पण पंधराव्या वर्षी, आठवी पार झाली की, ती पोरगी या सगळ्या कागदांतून बाहेर पडते. सज्ञान व्हायला अजून तीन-चार वर्षं असतात. तेवढ्या काळात तिचं नाव कुणाच्याच यादीत नसतं, आणि परभणीतली निम्मी लग्नं तिथंच लागतात. विणकराला शेजारच्या लेकी मोजता येत होत्या. आपल्याला गावातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुली नावानिशी माहीत आहेत का?

आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया, ग्रामपंचायतीच्या सदस्या यांना डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितो आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी रोखठोक सांगतो. बाहेरच्या टोळीतली बाई रात्री तुमच्या दारात आली तर घटना कोणत्या हद्दीत घडली याची चर्चा करत बसू नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी जवळच्या ठाण्यानं फिर्याद घ्यायची आणि मग पुढं पाठवायची. चुडाव्याला पोलीस ठाणं आहे. बीडच्या बाईला बीडला जा असं सांगता येत नाही. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयानं बलात्कारपीडितेवर फुकट उपचार करायचे आहेत, आणि त्यासाठी आधी पोलिसांचा कागद मागायचा नाही. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं तीन दिवसांच्या आतच लागू पडतात आणि गर्भ राहू नये म्हणून द्यायची जितकी लवकर तितकी बरी, म्हणून फिर्यादीचा निर्णय व्हायचा असला तरी दवाखाना थांबू शकत नाही. राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून पीडितेला अर्थसाहाय्य मिळतं, ती बाहेरगावची असली तरी. फोनवर मदत मागायला १८१ हा क्रमांक बायकांसाठी, १०९८ मुलांसाठी.

बाई सज्ञान असेल तर फिर्याद करायची की नाही हे तिला ठरवू द्या. तुम्हाला राग आला म्हणून तिच्या वतीनं ठाण्यात धावू नका. अठराच्या आतली मुलगी असेल तर मात्र पोक्सो कायदा तुम्हाला गप्प बसू देत नाही. माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. तरीही काय होणार आहे ते तिला आधी समजावून सांगता येतं, आणि सांगावं. आणि गावच्या पारावर बसून समेट करायची जी आपली जुनी खोड आहे, दहा-वीस हजार घ्या, नाहीतर त्याच्याशीच लग्न लावून द्या, तिच्यात सहभागी होऊ नका. त्या बैठकीत बाई बहुधा हजरच नसते.

बालविवाहाच्या बाबतीत तर अधिकारी शोधायला तालुक्याला जायची गरज नाही. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे आणि अंगणवाडी सेविका त्याची मदतनीस. प्रत्यक्षात काय होतं, तर ग्रामसेवकाला पत्रिका येते आणि तो जेवायलाही जातो. मी त्याला एकट्याला दोष देत नाही; ज्या गावात रोज काम करायचं तिथं मांडवातून नवरी उठवणं सोपं नसतं. म्हणून मांडव पडायच्या आधीचं काम महत्त्वाचं. टोळी निघायच्या आधी ज्या घरात चौदा ते अठराची मुलगी आहे त्या घरी जाऊन बसणं, ती कुठं राहणार, कुणाजवळ, तिच्या हातात फोन आहे का, आईबापांचा नंबर कुणाकडे आहे, हे विचारणं. यात कायदा वापरावा लागत नाही.

आणि ज्या गावात टोळ्या उतरतात, त्यांना आणखी थोडं करता येतं. कोप्या कुठं पडणार हे शेतकऱ्याला, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला आणि मुकादमाला महिनाभर आधी ठाऊक असतं. ग्रामपंचायतीनं ठरवलं तर त्या जागी खांबावर एक दिवा, पत्र्याचे दोन तात्पुरते संडास, दोन न्हाण्या आणि त्यांना आतून लागणाऱ्या कड्या एवढं होऊ शकतं. रेशनकार्ड आता राज्यात कुठंही चालतं, आणि अन्न सुरक्षा कायद्यानं कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सज्ञान बाईचं नाव असतं. दुकानदारानं टोळीतल्या बायांना परत पाठवू नये एवढं बघायचं. आशाताईंनी आठवड्यातून एकदा कोप्यांवर फेरी मारावी, पुरुष फडात असताना. बाया मोजाव्यात, मुली मोजाव्यात, नावं लिहून ठेवावीत आणि पुढच्या आठवड्यात तीच नावं आहेत का ते बघावं. खर्चाचं अंदाजपत्रक ग्रामसभेपुढे ठेवावं लागेल. टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात, तेव्हा ग्रामसभेची नोटीस त्याआधी निघायला हवी.